पहिला आणि शेवटचा वळू

यादी लागायच्या आदल्या रात्री अख्ख्या वळू केंद्रात एकाच माणसाला शांत झोप लागली, आणि तो म्हणजे घुम्या. बाकीच्या अकरा राखणदारांचा डोळ्याला डोळा लागला नाही. कसा लागणार? बारा वळू परीक्षेला बसलेले. पहिले चार राहणार, उरलेले आठ शुक्रवारी गाडीत चढणार आणि थेट कत्तलखान्यात जाणार. ज्यानं ज्या वळूला पाच-सहा वर्षं पाणी दाखवलं, खरारा केला, त्याचं खाल्लं नि त्याच्या लाथाही खाल्ल्या, त्याला असं कसं गोड लागावं?

वळूची परीक्षा म्हणजे मोठी गंमतच असते. पेपर मुलींनी लिहायचा आणि पास-नापास बापानं व्हायचं! तरण्या वळूचं रेत घ्यायचं, बारीक कांड्यांमध्ये भरायचं, थंड टाकीत गोठवायचं आणि गावोगावच्या गाईंना द्यायचं. मग कालवडी जन्मणार, वाढणार, गाभण राहणार, विणार, आणि मोजणीदार दर महिन्याला जाऊन त्यांचं दूध मोजणार. त्या आकड्यांवरून बाप कितवा येतो ते ठरणार. ह्या सगळ्यात पाच वर्षं जातात. तोवर बापानं गोठ्यात उभं राहून वैरण खायची, दुसरं काय?

घुम्याचा वळू सतरा नंबरचा. घुम्या त्याला भोळ्या म्हणायचा. माणसांशी बोलताना घुम्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, म्हणून तर हे नाव पडलं. पण भोळ्याच्या कानाशी लागला की ह्या गृहस्थाची टकळी थांबायची नाही. बायको म्हणायची, "पोरांशी एवढं बोलला असतात तर पोरं परक्या गावाला गेली नसती." तर ते असो.

शेजारच्या गोठ्यात एकवीस नंबर. त्याला सांभाळायचा घुम्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, पण नवरे म्हणजे एक घुमा आणि एक भोंगा. साडूच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ एकच, "आमचा एकवीस! आमचा एकवीस!" आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, हे त्यानं जन्मभर पाळलेलं व्रत.

आणि तरीही घुम्याला झोप लागली. त्याचं कारण फक्त दोघांना ठाऊक होतं, एक तो आणि एक साडू.

पाच वर्षांपूर्वी परीक्षेच्या कांड्या भरायचे सहा आठवडे आले, आणि नेमका तेव्हाच भोळ्याच्या मागच्या खुरात पू झाला. वळूला रेत द्यायचं तर समोर खोड्याच्या लोखंडी चौकटीत बांधलेल्या डमीवर उडी मारावी लागते. डमी म्हणजे खच्ची केलेलं एखादं गरीब जनावर. त्यानं नुसतं उभं राहायचं आणि वरचं ओझं झेलायचं. वळू उडी मारतो आणि नळीवाला खालून रबरी नळी धरून रेत गोळा करतो. दुखऱ्या पायावर भोळ्या कसला उडी मारतो! डमीजवळ जायचा, हुंगायचा, मान वळवून घुम्याकडे बघायचा. आणि केंद्राचा नियम असा की सहा आठवड्यांत ज्याच्या कांड्या भरल्या नाहीत तो निकामी. निकामी म्हणजे गाडी.

त्याच दिवसांत नळीवाला मनगट मोडून घरी बसला होता. दोघं साडू एकमेकांच्या वळूसाठी नळी धरत. एकवीस नंबरला मस्ती फार. एकदा उडी मारून त्याचं भागायचं नाही. पहिली नळी प्रयोगशाळेत जायची, दुसरी फेकून द्यायची. एका सकाळी घुम्यानं ती दुसरी नळी फेकलीच नाही. हातात धरून नुसता साडूकडे बघत राहिला.

साडू आधी चक्रावला, मग खो खो हसला. "घे, घे! माझ्याच्या उष्ट्यावर तुझा जगू दे. पण लक्षात ठेव हं, हे उपकार आहेत."

सहा आठवडे हेच चाललं. एकवीसची दुसरी नळी, तिच्यावर सतरा नंबरची चिठ्ठी. प्रयोगशाळेत कोण बघतंय रेत कुणाचं ते? थेंब काचेखाली वळवळतोय ना, झालं. पुढे भोळ्याचं खूर बरं झालं, तो छान उड्या मारायला लागला, पण परीक्षेच्या कांड्या केव्हाच गावोगाव गेल्या होत्या. सतराच्या म्हणून ज्या मुली जन्मल्या, त्या सगळ्या एकवीसच्या.

आता कळलं ना झोप का लागली? घुम्याचा हिशेब सरळ होता. बाप एक, मुली एकाच्याच. तरतील तर दोघं तरतील, बुडतील तर दोघं बुडतील. आणि एकवीस बुडणार नाही हे साडू पाच वर्षं कानीकपाळी ओरडत होता.

यादी संचालकबाईंच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लागली. साडूनं वाचलीही नाही, नुसता वरचा आकडा बघितला आणि आरोळी ठोकली, "एकवीस! पहिला! बघा रे, पहिला!" लोक त्याला थोपटायला लागले. घुम्यालाही हसू फुटलं. इतकं की दात दिसले, आणि त्याचे दात लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितले असतील. पहिला! म्हणजे आपला दुसरा. फार तर तिसरा. त्यानं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे सतरा नव्हता. तिसरीवर नव्हता, चौथीवर नव्हता. बोट खाली खाली गेलं. नववी, दहावी, अकरावी. फळा संपायला आला तेव्हा सतरा सापडला.

बारावा. बारातला बारावा.

घुम्यानं तीनदा वाचलं. मग साडूकडे बघितलं. साडूनंही एव्हाना खालची ओळ वाचली होती. त्याचं तोंड क्षणभर उघडं राहिलं, आणि मग त्यानं ते असं मिटलं की विचारू नका. जन्मात न मिटलेलं तोंड!

घुम्या त्याच पावली बाईंच्या खोलीत शिरला. बाई म्हणजे हुशारीचा अर्क. ही मुलींच्या दुधाची परीक्षा त्यांनीच सुरू केलेली. आधीचे साहेब वळूची छाती बघून, पाठ बघून, चाल बघून निवड करायचे. बाईंनी आल्या आल्या सांगितलं होतं, "रूपावर भाळायला आपण सोयरीक जुळवत नाही आहोत. मला आकडे हवेत." त्यात खोटं काही नव्हतं. चांगल्या दिसणाऱ्या वळूच्या मुली कोरड्या निघाल्याचं घुम्यानंही पाहिलं होतं.

घुम्यानं सगळं सांगितलं. खूर, पू, नळ्या, चिठ्ठ्या. माणसासमोर तो इतकं आयुष्यात बोलला नव्हता. वाक्यं अडखळत होती, मध्येच घाम पुसत होता. शेवटी म्हणाला, "चूक माझी आहे बाई. मला काढा. पण भोळ्याची परीक्षा झालेलीच नाही. तो नापास कसा?"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि साडूला बोलावणं धाडलं.

साडू आला. बाईंनी विचारलं, "त्या सहा आठवड्यांत तुझ्या वळूची दुसरी नळी ह्याला दिली होतीस?"

"मी? छे हो बाई!" साडू छताकडे बघत म्हणाला. "पोरांची शपथ. ह्याचा शेवटचा आला म्हणून डोकं फिरलंय ह्याचं. नाचता येईना अंगण वाकडं!"

"साडू," घुम्या म्हणाला. मग त्याला एकदम आठवलं. "बाई, केस! मागं तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला, केसांवरून बाप ओळखता येतो. भोळ्याच्या शेपटीचे चार केस घ्या, त्याच्या म्हणवणाऱ्या कुठल्याही मुलीचे चार केस घ्या. तपासायला पाठवा. आठ दिवसांत दूध का दूध, पानी का पानी!"

साडूचा चेहरा उतरला. बाईंनी त्याला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"केसांची गरज नाही," बाई म्हणाल्या. "तू खरं बोलतोयस. त्याच्या तोंडावरच दिसलं."

घुम्याला वाटलं, सुटलो. त्याचे डोळे भरून आले. पण बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला कळतंय का तू मला काय सांगितलंस ते?" त्या म्हणाल्या. "पहिला आणि शेवटचा एकच वळू आहे. एकाच बापाच्या मुली मी दोन नावांनी मोजल्या. एका नावानं सगळ्यांत वर आल्या, एका नावानं सगळ्यांत खाली." त्यांनी कपाट उघडून एक वही काढली आणि पानं उलटली. "एकवीसच्या कांड्या गेल्या खालच्या सपाटीला. पाणी, हिरवा चारा, मोठे गोठे. सतराच्या गेल्या वर डोंगराकडे. तिथे गाईला पोटभर मिळत नाही. हा चाऱ्याचा फरक आकड्यांतून काढून टाकायचा असतो. मी काढला होता. मला वाटलं, काढला होता." त्यांनी वही मिटली. "म्हणजे मी पाच वर्षं वळू मोजलेच नाहीत. चारा मोजला."

"मग परत मोजा ना बाई."

"पुढल्या आठवड्यात पाहुणे येतायत. चार ठिकाणचे लोक एकवीसच्या कांड्या घ्यायला येतायत. त्यांना काय सांगू? आमची यादी खोटी आहे, आमच्या गोठ्यात नळ्यांची अदलाबदल होते, जरा पाच वर्षं थांबा?"

घुम्याला आता कुठे कळायला लागलं की आपण दोरी सोडवायला आलो आणि गळ्यात घट्ट करून घेतली.

"गाडी शुक्रवारी येणार होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "सतरासाठी मी ती आजच बोलावते. जनावर राहिलं की केस राहतात."

त्यावर घुम्यानं जे केलं ते सांगायला मला बरं वाटत नाही. पन्नाशीचा माणूस जमिनीवर बसला आणि त्यानं बाईंच्या टेबलाचा पाय धरला. माणसाचे पाय धरतात, ह्यानं टेबलाचा धरला, कारण बाई पलीकडे होत्या. "मारू नका," एवढंच म्हणत राहिला. "काहीही करा. मारू नका."

बाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "डमी लंगडा झालाय आपला. शांत, उभं राहणारं जनावर हवं आहे. खच्ची करून. तुझा शांत आहे म्हणतात."

घुम्यानं वर बघितलं.

"तू लिहून द्यायचं," बाई म्हणाल्या. "त्या सहा आठवड्यांत सतराचं रेत सतराचंच होतं, मी माझ्या हातानं घेतलं. खाली सही. सतरा नंबर वळूच्या यादीतून जाईल आणि डमी म्हणून जगेल. एकवीस त्याच्यावर उडी मारेल, आठवड्यातून दोनदा. आणि धरायला तू. तोंड उघडलंस की गाडी."

"एकवीस?" घुम्या पुटपुटला.

"पहिला आलाय ना. रेत त्याचंच लागणार."

कागद दोन ओळींचा होता. घुम्यानं सही केली. सही करताना त्याला लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं, आणि ह्या बरं वाटण्याची लाज पुढे त्याला जन्मभर पुरली.

घरी गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. बायको तव्यावरचं काढत होती. तिनं ऐकून घेतलं, चूल विझवली आणि म्हणाली, "मेला असता तर सुटला असता."

"जगला ना पण!"

"हो, जगला. तुमच्यासाठी जगला. त्याला कुणी विचारलं?" मग जरा वेळानं, "आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं पोरांची शपथ घेतली म्हणता? माझ्या भाच्यांची?" तिनं जेवण वाढलं. घुम्यानं जेवणही केलं, सगळं.

तिसऱ्या दिवशी जनावरांचा डॉक्टर खच्ची करायचा चिमटा घेऊन आला. भोळ्याला खोड्यात घ्यायला दोन माणसं लागतील म्हणून दोघे बोलावून ठेवले होते, पण लागले नाहीत. घुम्या पुढे चालला आणि भोळ्या त्याच्या मागे मागे आत गेला, रोज पाण्यावर जायचा तसा. घुम्यानं त्याचं तोंड छातीशी धरलं. चिमटा मिटला तेव्हा भोळ्या ओरडला नाही. नुसती त्याची जीभ बाहेर आली आणि सगळं अंग ताठ झालं. डॉक्टर म्हणाला, "वा, मालकावर विश्वास आहे."

बाहेर साडू कठड्याला टेकून उभा होता. त्याला गप्प बसवेना. "गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं म्हणतात," तो म्हणाला, "तुझ्या भोळ्याचं मात्र ब्रह्मचर्य पक्कं झालं बघ!" दोघे-तिघे हसले. घुम्यानं भोळ्याचं नाक पुसलं आणि त्याला सावलीत नेलं. त्याच्या मनात आलं, साडूच्या डोक्यात घमेलं घालावं. घातलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते त्या दिवशी त्याला कळलं. बरं, मारणारेही आपलेच आणि दाबणाराही आपणच!

पाहुणे आले. पंधरा-वीस माणसं, कोरे बूट, नाकाला रुमाल. बाईंनी त्यांना कागद वाटले, यादी समजावून सांगितली. आवाज कुठेही अडखळला नाही. मग म्हणाल्या, "चला, प्रत्यक्षच दाखवते."

खोड्यात भोळ्या उभा होता. लोखंडी नळ्यांच्या मध्ये, मान अडकवलेली, आणि मानेच्या पुढे घुम्या, दोन्ही हातांत त्याची कानशिलं धरून. भोळ्यानं आजवर ह्या जागी डमी मागून बघितला होता. आपण पुढे तोंड करून का उभे आहोत, हे त्याला कळत नव्हतं. तो घुम्याचं मनगट चाटत होता.

साडू एकवीसला घेऊन आला. हजार किलोचं धूड, चकचकीत, नाकात पितळी कडी. पाहुण्यांतून "अरे वा!" असा आवाज उठला. एकवीसनं दोनदा जमीन उकरली, हुंगलं आणि उडी मारली.

भोळ्याचे पुढचे गुडघे वाकले. हाडं कडकन वाजली, निदान घुम्याला तरी तसं वाटलं. त्याचे डोळे पांढरे झाले आणि त्यानं मान झटकली, खोडा हादरला. धरायला एखादा दुसरा असता तर भोळ्यानं त्याला चिरडलंच असतं. पण समोर घुम्या होता. घुम्या त्याच्या कानाशी लागला आणि बोलायला लागला, भराभर, जे तोंडाला येईल ते. "उभा राहा. उभा राहा रे माझ्या राजा. मी आहे ना. मी धरलंय ना. उभा राहा." आणि भोळ्या उभा राहिला. थरथरत उभा राहिला. वरचं ओझं उतरेपर्यंत हलला नाही.

नळीवाल्यानं नळी वर करून दाखवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं बाईंना विचारलं, "खालचा फारच गुणी आहे हो. कुठून आणलात?"

"इथलाच," बाई म्हणाल्या. "परीक्षेत नापास झाला. पण उपयोगाला आला."

"ह्याचीही जात चालवायला हवी होती," पाहुणा हसत म्हणाला. "असा स्वभाव कुठे मिळतो?"

बाई हसल्या. घुम्या भोळ्याच्या गुडघ्यावरची माती झाडत होता. गुडघा सोलवटला होता, रक्त येत होतं. भोळ्यानं डोकं त्याच्या पोटात खुपसलं आणि तिथेच ठेवलं. चला, झालं, असं घुम्या म्हणाला. खोड्याची कडी काढायला त्यानं हात घातला.

तेवढ्यात फोटो काढणारा पुढे आला. कॅमेऱ्यात बघत त्यानं मान हलवली.

"बाई, ह्या माणसाचं डोकं मध्ये आलं. फोटो वाया गेला. परत एकदा होईल का?"

बाईंनी साडूकडे बघितलं. साडू म्हणाला, "एकदा काय, दोनदा होईल! आमच्या एकवीसला विचारायलाच नको."

"घुम्या," बाई म्हणाल्या, "जरा खाली वाकून धर. तुझं डोकं दिसायला नको."

घुम्यानं कडी परत लावली. तो गुडघ्यांवर बसला, भोळ्याचं तोंड खाली ओढून घेतलं आणि त्याला सांगायला लागला की आता थोडंच राहिलंय.